रबराच्या भुताची बाजू

ऐंशीच्या दशकातले आवडते भयपट कोणते, हा विषय निघाला की नाशिकच्या कुठल्याही कट्ट्यावर चहा गार व्हायच्या आत दोन तट पडतात. एका तटावर पन्नाशी गाठलेली मंडळी. त्यांचं पालुपद ठरलेलं: आमच्या वेळी थिएटरात लोकांची बोबडी वळायची, आताच्या सिनेमात ती मजा नाही. समोर मोबाइलवर 'वीराना' या रामसे बंधूंच्या हिंदी भूतपटाची अर्ध्या मिनिटाची क्लिप दाखवून खिदळणारी पोरं: "काका, मुखवटा आहे हो हा, मानेपाशी कड सुटलेली दिसतेय!" काकांकडे आठवणीपलीकडे पुरावा नाही. पोरांकडे पुरावा आहे, पण तो नेमका कशाचा, हे त्यांनी तपासलेलं नाही. गंमत म्हणजे भांडणाऱ्या दोघांचं माप एकच आहे: आज पाहताना भीती वाटते की हसू येतं?

हे मापच फसवं आहे. भर दुपारी, शेजारी मिक्सर चालू असताना कुठलंच भूत कुणाला घाबरवत नाही. आणि रात्री दोन वाजता दोरीवर वाळत घातलेला सदराही पुरतो. भयपटाची परीक्षा घ्यायचीच असेल तर अशी घ्यावी: त्यातली युक्ती कशी केली हे आधी फोडून सांगावं आणि मग तो प्रसंग पाहावा. गुपित कळल्यावरही प्रसंग पकड सोडत नसेल तर चित्रपट पास, कळल्याबरोबर कोसळला तर नापास. या कसोटीवर १९८० ते १९८९ ही दहा वर्षं मागच्या-पुढच्या कुठल्याही दशकाहून जड भरतात असं माझं मत आहे. त्याच कसोटीवर या दशकातले बरेच लाडके चित्रपट बादही होतात, आणि ते मान्य करायला काकांच्या तटाने शिकलं पाहिजे.

ही कसोटी आपल्याकडे नवी आहे का? नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, हरसूल या आदिवासी पट्ट्यात बोहाडा होतो. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा मुखवटा चढवून, टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-पिपाणीच्या तालावर रात्रभर सोंगं नाचतात. त्राटिकेचं सोंग कुणाच्या घराकडे आहे, मुखवट्याखाली कोण आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी त्राटिका अंगावर धावून आली की तेच पोर आईच्या पदराआड शिरतं. गुपित तिथे कधी नव्हतंच. भीती येते ती टेंभ्याच्या हलत्या उजेडातून, संबळाच्या वाढत्या लयीतून, मुखवट्याच्या न हलणाऱ्या डोळ्यांतून. आणि त्र्यंबकेश्वरात जन्मलेले, कंपनी घेऊन नाशिकला आलेले, इथेच १९४४ साली वारलेले दादासाहेब फाळके काय करत होते? चित्रपटाआधी हा माणूस 'प्रोफेसर केळफा' या उलट्या नावाने जादूचे प्रयोग करायचा. कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल होताना त्यांनी चौकट-चौकट टिपत दाखवली, तीच युक्ती पुढे जगभरच्या राक्षसांनी वापरली. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केली, आणि राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढायचे. त्या प्रेक्षकांना हा खेळ आहे हे कळत नव्हतं असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. त्यांना दोन्ही एकदम कळत होतं. 'मानेपाशी कड दिसतेय' एवढ्यावर वाद संपवणाऱ्याला मात्र दोनातलं एकच दिसतंय.

आता कसोटी लावू. सुरुवात सगळ्यात स्वस्त युक्तीपासून. १९८२चा 'पोल्टरगाइस्ट'. स्वयंपाकघरात टेबलाभोवती खुर्च्या आहेत. आई पाठ फिरवून कपाटाशी जाते, कॅमेरा तिच्याबरोबर वळतो, काही सेकंदांत परत येतो, तर सगळ्या खुर्च्या टेबलावर एकमेकींत अडकवून मनोरा रचलेला. मधे कट नाही. युक्ती काय? कॅमेऱ्याची पाठ वळताच माणसांनी खालच्या खुर्च्या उचलून नेल्या आणि आधीच एकत्र जोडून ठेवलेला दुसरा मनोरा टेबलावर आणून ठेवला. बस. यात यंत्र नाही, रसायन नाही. लागते ती फक्त आवाज न करता ठरल्या सेकंदात हलणारी माणसं. एकाचा पाय अडखळला की शॉट पहिल्यापासून. हे कळल्यावर प्रसंग हलका होतो का? उलट होतं. कट नाही हे लक्षात आल्यावर त्या चार-पाच सेकंदांत पडद्याबाहेर काहीतरी चाललंय ही जाणीवच अंगावर येते, आणि भुताच्या गोष्टीचं मर्म तेवढंच तर असतं.

दुसऱ्या टोकाला अंगाचं रूपांतर. १९८१च्या 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये माणसाचा लांडगा होतो तो लख्ख उजेडाच्या दिवाणखान्यात. तोवरच्या चित्रपटांत हे काम अंधारात किंवा एक चेहरा विरून दुसरा उमटेल अशा पद्धतीने उरकलं जायचं. रिक बेकर यांनी तो आडोसाच काढून टाकला. हात लांब होतो तो खरा हात नव्हे, रबरी कातडीखालचा ताणला जाणारा सांगाडा. कातडीखाली काहीतरी वळवळतं ते हवेच्या पिशव्यांमुळे, नळीतून हवा भरली की फुगणाऱ्या. अंगावर केस उगवतात ते खोट्या कातडीतून मागच्या बाजूने केस ओढून घेताना केलेलं चित्रण उलटं चालवून. काही शॉटमध्ये नट कमरेपर्यंत फरशीखाली उभा आहे आणि वर दिसतं ते धड बनावट आहे. मेकअपसाठी दरवर्षी द्यायचं ऑस्कर त्या सालापासून सुरू झालं आणि पहिलं बेकर यांना मिळालं.

या कामात जिथे माणसं फसतात ती जागा पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. अशा मेकअपचा मुख्य माल म्हणजे फोम लेटेक्स. रबराच्या झाडाच्या चिकातून आलेलं द्रव लेटेक्स घ्यायचं, त्यात फेस आणणारं, रबर पक्कं करणारं आणि शेवटी गोठवणारं अशी द्रव्यं वजनावर मोजून घालायची, केकच्या पिठासारखं मशीनवर फेटायचं, नटाच्या चेहऱ्यावरून केलेल्या प्लास्टरच्या साच्यात ओतायचं आणि ८५-९० अंशांच्या भट्टीत काही तास भाजायचं. ऐकायला सोपं. पण लेटेक्समध्ये अमोनिया असतो, आणि तो फेटताना उडून जातो. कमी उडाला तर मिश्रण गोठतच नाही, फेस बसतो आणि साच्यातून बाहेर येतं ते जाड, निबर रबर. जास्त उडाला तर भांड्यातच गोठतं, साच्यापर्यंत पोचत नाही. हवेतली आर्द्रता बदलली की सगळी वेळ बदलते. नाशिकच्या एप्रिलमध्ये बसवलेलं गणित जुलैत तंतोतंत चुकेल. एवढं करून तुकडा जमला तरी त्याच्या कडा कागदाहून पातळ हव्यात, नाहीतर कातडीशी जोड दिसतो. आणि कडा इतक्या पातळ म्हणजे संध्याकाळी मेकअप उतरवताना त्या फाटणार, दुसऱ्या दिवशी नवा तुकडा. पोरांना 'वीराना'त जी कड दिसली ती इथली. एक तुकडा अनेक दिवस पुरवायचा म्हटलं की कड जाड ठेवावी लागते. तिचं कारण पैशात आहे, अक्कल कमी असण्यात नाही.

याच कारागिरीचा कळस म्हणजे १९८२चा 'द थिंग'. जॉन कारपेंटर दिग्दर्शक, आणि राक्षस घडवणारा रॉब बॉटिन जेमतेम बाविशीतला. अंटार्क्टिकावरच्या तळावर एक परग्रहावरचा जीव शिरलाय, तो कुणाचंही रूप घेऊ शकतो. डॉक्टर एका बेशुद्ध माणसाच्या छातीला विजेचा झटका देतो, छाती जबड्यासारखी उघडते आणि डॉक्टरचे दोन्ही हात कोपराखाली तोडते. हे कसं केलं? हातांनी अपंग असलेल्या एका माणसाला डॉक्टरच्या चेहऱ्याचा मुखवटा घातला, जेली, रबरी शिरा आणि मेणाच्या हाडांचे खोटे हात लावले, आणि बनावट छातीचा जबडा यंत्राने मिटवला. पुढे त्याच प्रसंगात मुंडकं मानेपासून ताणत सुटतं. त्या ताणणाऱ्या तंतूंसाठी प्लास्टिक विरघळवून वापरलं होतं. त्याची ज्वालाग्राही वाफ बंद जागेत साठली, कॅमेऱ्यासमोर ज्योत पेटवताच भडका उडाला आणि महिनोन्‌महिने खपून केलेली वस्तू जळाली. पुन्हा सगळं उभं करून शॉट घेतला. हे सगळं माहीत असूनही तो प्रसंग पाहताना पोटात कालवतं. का? छायाचित्रकार डीन कंडी यांनी वस्तू कधी पूर्ण उजळवली नाही म्हणून, आणि ती सतत ओली ठेवली म्हणून. खऱ्या कातडीत उजेड थोडा आत शिरतो आणि मग परततो. फोम लेटेक्सच्या पृष्ठभागावरच तो अडतो, म्हणून कोरडं रबर मेल्यासारखं, मातकट दिसतं. त्यावर पारदर्शक चिकट लेप दिला की डोळ्यांना आधी दिसतात ते चमकणारे ठिपके, रबर नंतर. पुढे मागे भूतपट करायचा असेल त्याने एवढं एक वाक्य वहीत लिहून ठेवावं: राक्षस ओला ठेवा आणि उजेड मागून द्या.

'द थिंग' जून १९८२मध्ये लागला, 'ई.टी.'नंतर दोन आठवड्यांनी. लोक तेव्हा गोंडस परग्रहवासीयाच्या प्रेमात होते. समीक्षकांनी याला ओंगळ म्हणून झोडपला आणि तिकीटबारीवरही तो पडला. आज तोच चित्रपट दशकाच्या यादीत वरच्या जागी असतो. तेव्हा 'लोकांनी तेव्हाच निकाल दिला होता' हे वाक्य या वादात कुणी वापरू नये, दोन्ही बाजूंनी.

मग विरोधकांचं म्हणणं सगळं खोटं का? मुळीच नाही. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा: कारागिरी थोर असेल, पण प्रेक्षक कारखाना बघायला येत नाही. पडद्यावर रबर दिसत असेल तर तो दोष रबराचा आणि दिग्दर्शकाचा. बघणाऱ्याने अमोनियाचं गणित का समजून घ्यावं? मुद्दा रास्त आहे. जेवणारा पोळीच्या कणकेचा हिशेब विचारत नाही, पोळी वातड आहे एवढं सांगतो. पण इथे एक घोळ आहे. तुम्ही चाखताय ती तीच पोळी आहे का?

त्या काळात विजयानंद, मधुकर, सर्कल, चित्रमंदिर अशा एकपडदा थिएटरांत चित्रपट लागायचा तेव्हा प्रोजेक्टरमध्ये सर्रास कार्बनची कांडी जळायची. दोन कांड्यांच्या टोकांमधल्या ठिणगीचा तो उजेड. कांड्या झिजत जातात, अंतर वाढतं, उजेड पिवळा पडतो आणि ऑपरेटरला दर काही मिनिटांनी अंतर सारखं करावं लागतं. दोन हजार फुटांचं रीळ, मिनिटाला नव्वद फूट; म्हणजे बाविसेक मिनिटांनी दुसऱ्या मशीनवर उडी. चित्रपटाच्या प्रती मोजक्या. मोठ्या शहरांत धावून झिजलेल्या प्रती मग तालुक्याला. भूतपटातला अंधार हा या उजेडासाठी, या पडद्यासाठी मोजून ठेवलेला अंधार होता. मुखवट्याची कड त्यात बुडायची. बुडावी म्हणूनच दिवा तसा लावलेला असायचा. पुढे तोच चित्रपट व्हीएचएसवर आला. त्या टेपची आडवी तपशीलक्षमता जेमतेम २४० रेषांची, आणि चौकोनी टीव्हीत बसवायला चित्राच्या दोन्ही बाजू छाटलेल्या. मग त्या टेपवरून कुणीतरी संगणकावर घेतला, काळोखात काही दिसत नाही म्हणून उजळवला, आणि नेटवर चढवला. पोरं हसतात ती या चौथ्या पिढीच्या प्रतीला. टेंभे विझवून, ट्यूबलाइटखाली, संबळ बंद करून बोहाडा दाखवला तर त्राटिकेचा मुखवटाही कागदाचा लगदाच दिसेल.

दुसरा मुद्दा संगणकाचा. आजचं दृश्यतंत्र ऐंशीच्या दशकापेक्षा हजार पटींनी पुढे आहे, मग रबराचं कौतुक ही निव्वळ हळहळ नव्हे का? संगणकाला शिव्या देण्यात मला रस नाही. तिथेही माणसंच रात्ररात्र बसतात. पण एक उदाहरण पुरेसं बोलकं आहे. २०११ साली 'द थिंग'चा आधीचा भाग आला. त्यासाठी कारागिरांनी खरे, हलणारे राक्षस बनवले, ते सेटवर कॅमेऱ्यासमोर वापरले, आणि नंतर निर्मात्यांनी त्यांतल्या बहुतेकांवर संगणकी चित्र चढवलं. झालं काय? वस्तूला वजन राहिलं नाही. ती जमिनीवर पाय टेकते, जमीन काही बोलत नाही. गुपित न सांगताच प्रसंग कोसळला. म्हणजे कसोटी यंत्रविरोधी नाही. ती विचारते एवढंच: तिथे काही आहे का?

आणि 'तिथे काही असणं' म्हणजे महागडं रबरच असंही नाही. १९८१चा 'द इव्हिल डेड' सोळा मिलिमीटरच्या स्वस्त फिल्मवर, टेनेसीच्या जंगलातल्या एका पडक्या खोपटात, हौशी पोरांनी केला. रक्तासाठी मक्याचा पाक, खाण्याचा लाल रंग आणि कॉफीत घालायची पांढरी पूड. पूड का, तर नुसता पाक पारदर्शक असतो, सरबतासारखा दिसतो, पुडीने तो गढूळ होतो. हा पाक वाळला की कपडे पत्र्यासारखे ताठ होतात. जंगलातून धावत येणाऱ्या अदृश्य शक्तीचा शॉट? एका लांब फळीच्या मधोमध कॅमेरा बसवला आणि दोघं जण दोन टोकं धरून पळाले. एकट्याच्या हातात कॅमेरा प्रत्येक पावलाला उडतो. फळीवर एकाचा धक्का दुसऱ्याच्या धक्क्यात विरतो, आणि उरतं ते कुत्र्याहून जलद, माणसाहून बुटकं, काहीतरी तरंगत येणारं. आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. यंत्रमागाच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी पुढे सायकलवरून ट्रॉली शॉट आणि बैलगाडीवरून क्रेन शॉट घेत सिनेमे केले. त्या जुगाडाचं आपण कौतुक करतो, माहितीपट पाहून टाळ्या वाजवतो, आणि तेच रामसे बंधूंनी केलं की 'बी ग्रेड' म्हणतो. हा कुठला न्याय?

रामसेंकडे येतोच आहे. फतेहचंद रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर मुंबई. सात मुलगे, आणि घरातच सगळी खाती: कुमार पटकथेला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, श्याम आणि तुलसी दिग्दर्शनाला. वडिलांच्या १९७०च्या एका पडलेल्या चित्रपटात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून दरोडा घालतात, तेवढाच प्रसंग लोकांना आवडतोय हे मुलांनी थिएटरात बसून पाहिलं, आणि धंदा ठरला. त्यांच्या कामातलं सगळ्यात भरीव म्हणजे १९८४चा 'पुराना मंदिर'. त्यातला राक्षस सामरी पाहा. सामरीच्या भूमिकेतले अजय अगरवाल शिक्षणाने इंजिनिअर, आणि त्यांची उंची हीच रामसेंची सगळ्यात मोठी युक्ती. मुखवटा कमीत कमी, चेहरा स्वतःचा, कॅमेरा गुडघ्याच्या पातळीवर, मागून निळा उजेड आणि पायांशी धूर. हे गुपित सांगून टाका. सामरी तरी उभाच राहतो, कारण ती उंची खोटी नाही. धड एकीकडे पुरलेलं, मुंडकं दुसरीकडे पेटीत कोंडलेलं, आणि दोघांना एकत्र येऊ द्यायचं नाही ही कल्पना तर कुठल्याही आजीने सांगितली असती तरी शोभली असती.

आता नापास काय ते. 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप यांचा 'शोले'च्या नकलेचा जो लांबलचक विनोदी तुकडा आहे त्याला कुठल्याही कसोटीवर माफी नाही. वितरकाला 'सगळ्यांसाठी काहीतरी' हवं असायचं हे खरं, पण कारण कळल्याने तुकडा सुसह्य होत नाही. 'वीराना'त सतीश शाह यांच्या पात्राचं नाव रहस्यपटांच्या विख्यात दिग्दर्शकावरून हिचकॉक ठेवणं हा विनोद एकदा चालतो. गाणी भीती साठू देत नाहीत. आणि परदेशी चित्रपटांतले प्रसंगच्या प्रसंग उचलण्याची सवय होती, ती झाकण्यात अर्थ नाही. हॉलिवूडमध्येही तेच: एखादा मुखवटाधारी खुनी चालला की त्याचे पाच, सहा, सात भाग, प्रत्येकात शिबिराला आलेली पोरं आणि तोच सुरा. त्या मालिकांना आठवणीच्या जोरावर यादीत घुसवणं म्हणजे शाळेतल्या गोळीची चव आठवून तिला मिठाई म्हणणं.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आणणार नाही. या दशकातल्या भयपटांनी बाईला फार वाईट वागवलं. आंघोळ, पाठलाग, किंकाळी, मरण, याच क्रमाने. 'पुराना मंदिर'मधला शाप घराण्यावर आहे, पण मरतात कोण? बाळंतपणात त्या घरातल्या बायका. कुरूप, काळा, उंच, जंगलातला, तांत्रिक, म्हणजे दुष्ट, हे समीकरणही याच चित्रपटांनी गावोगावी पोचवलं. ज्या आदिवासी पट्ट्यात मुखवटा हा देवाचाही असतो त्याच पट्ट्याच्या उंबरठ्यावरच्या थिएटरांत. 'तो काळच तसा होता' हे उत्तर नव्हे. १९८०चा 'गहराई' याच काळातला आहे.

'गहराई'चं नाव या वादात कुणीच घेत नाही याचं नवल वाटतं, कारण तो जवळजवळ आपल्या घरचा. दिग्दर्शन विकास देसाई आणि अरुणा राजे यांचं, लेखनात विजय तेंडुलकर, मुख्य भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, मुलीच्या भूमिकेत पद्मिनी कोल्हापुरे. बंगळुरात राहणारा एक विवेकी, नास्तिक बाप गावाकडची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो. जमीन राखणारा जुना माणूस तळतळतो. आणि घरातली शाळकरी मुलगी त्या माणसाच्या आवाजात बोलायला लागते. इथे मुखवटा नाही, रबर नाही. युक्ती एवढीच की मुलीच्या तोंडून बाहेर पडतं ते बापाचं स्वतःचं जुनं पाप. भुताने पछाडलंय की मुलीच्या मनाचा आजार आहे, याचं उत्तर लागूंच्या चेहऱ्यावर शोधत बसावं लागतं, आणि लागू ते देत नाहीत. गंगापूर रोडच्या पलीकडे द्राक्षबाग मोडून प्लॉट पाडलेल्या कुठल्याही घराला हा चित्रपट दाखवा आणि मग विचारा ऐंशीच्या दशकातले भयपट जुने झाले का. बाई इथेही सोसते. पण तिच्या सोसण्याचा हिशेब चित्रपट बापाकडे मागतो. म्हणजे हे त्या काळात करता येत होतं. बाकीच्यांनी केलं नाही.

बारीक निवड करायची झाली तर माझ्या यादीत 'द थिंग' आणि 'गहराई' शेजारी बसतील, मागोमाग १९८६चा 'द फ्लाय', ज्यात माणसाची माशी होते ती टप्प्याटप्प्याने, नखं आणि दात गळत, एखाद्या लांबलेल्या आजारपणासारखी. १९८४च्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मधले दोनच प्रसंग घेईन. एकात भिंतीतून चेहरा उमटतो. ती भिंत म्हणजे ताणून बसवलेलं लवचीक कापड आणि मागून वाकलेला माणूस. दुसऱ्यात पलंगातून रक्ताचं कारंजं छताला भिडतं. त्यासाठी अख्खी खोली फिरत्या सांगाड्यात उलटी टांगून लाल पाणी वरून ओतलं होतं, पाण्याचं वजन एका बाजूला सरकलं, खोली नको त्या दिशेने फिरली आणि पाणी दिव्यांवर गेलं. जे पडद्यावर आहे ते त्या गोंधळासकट आहे. आणि १९८०चा 'द शायनिंग' केवळ एका आवाजासाठी: रिकाम्या हॉटेलात मुलगा तीनचाकी पळवतोय, चाकं लाकडी फरशीवर घरघरतात, गालिच्यावर गप्प होतात, पुन्हा घरघरतात. मागे जमिनीलगत स्टेडीकॅम, म्हणजे चालतानाचे धक्के शोषून घेणारा कॅमेरा. दिसत काहीच नाही. मोबाइलच्या स्पीकरवर हा प्रसंग पाहणारा तो पाहतच नाही.

ज्यांना भांडायचंच आहे त्यांनी निदान नीट पाहून भांडावं. टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, ती आधी बंद करा. तिने चोवीस चौकटींचा सिनेमा मालिकेसारखा दिसतो आणि रबर लगेच रबर होतं. ब्राइटनेस इतकाच ठेवा की चित्राच्या वर-खाली येणारी काळी पट्टी आणि चित्रातला काळोख एकमेकांत मिसळतील. खोलीतला दिवा मालवा. बाजू न छाटलेली प्रत मिळत असेल तर तीच घ्या. 'द थिंग'च्या अशा प्रती सहज मिळतात. रामसेंचे चित्रपट मात्र आधी नीट डीव्हीडीवर आणले ते परदेशी कंपनीने, आपल्याला ते जपण्याजोगे वाटले नव्हते.

खरी अडचण इथे आहे, आणि फाळक्यांच्या गावाला ती कळायला हवी. 'राजा हरिश्चंद्र'ची आज काही रिळंच उरलीत. मूकपटांच्या किती प्रती त्यातली चांदी काढून घेण्यासाठी वितळवल्या गेल्या, कारण बोलपट आल्यावर त्यांना कुणी विचारत नव्हतं. ऐंशीच्या दशकातल्या प्रतींत काढण्याजोगी चांदी नाही, त्या नुसत्या गोदामात पडून आहेत. ती फिल्म अॅसिटेट या प्लास्टिकची. उष्ण, दमट जागेत ती सडायला लागली की डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा येतो, पट्टी आक्रसते, कडा लाटेसारख्या वाकतात, आणि ती वाफ शेजारच्या डब्यालाही लागते, म्हणून आजारी रीळ आधी वेगळं काढावं लागतं. रंगांचंही तसंच. जुन्या ईस्टमनकलर प्रतीत आधी उडतो तो निळसर रंग, मागे उरतो गुलाबी. गंगू रामसेंनी धुरातून सोडलेली ती निळी रात्र सगळ्यात आधी जाते. आणि मग कुणीतरी ती प्रत संगणकावर चढवतं, आणि पोरं विचारतात, काका, यांच्या भुताला गुलाबी उजेड कशाला लागतो?